छान ऐकू येतंय

कॉलेजात त्यांना 'कानवाल्या मॅडम' म्हणत. पाठीमागे, अर्थातच. मेडिसिन शिकवणाऱ्या इतर प्राध्यापकांचा भर मशिनींवर. कागदावर आकडे उमटले की त्यांचं समाधान व्हायचं. मॅडमचा भर कानावर. स्टेथोस्कोप गळ्यात न घालता त्या तो भाजीची पिशवी धरावी तसा हातात धरत आणि वॉर्डात शिरतानाच म्हणत, "मोबाइल खिशात, कान बाहेर."

शिकवायची त्यांची एक पद्धत होती. पेशंटच्या छातीवर काय ऐकू येणार हे त्या आधी कधीच सांगत नसत. "लाव आणि गप्प बस," एवढंच. मग त्या पेशंटकडे न बघता विद्यार्थ्याच्या तोंडाकडे बघत राहत. आधी त्या तोंडावर नुसता धाक असे. मग कपाळाला आठी पडे. मग डोळे एका जागी थांबत. आणि मग कधी लगेच, कधी महिनाभराने एखाद्या सकाळी, ते तोंड एकदम उजळे. गर्दीत कुणीतरी आपल्या नावाने हाक मारल्यासारखं.

"आलं?" मॅडम विचारत.

पोरगं नुसती मान हलवी.

"छान!" मॅडम म्हणत, आणि त्यांचा दिवस भरून पावे. त्या एका क्षणासाठी त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला नव्हता. धाकट्या दिराने तीन मजली हॉस्पिटल बांधलं, त्याच्या बायकोने प्रत्येक मजल्यावरच्या फरशीचा रंग फोनवर वर्णन करून सांगितला, तरी मॅडमना हेवा वाटला नव्हता. वाटला असला तर फरशीचा.

बाकी शिकवणं म्हणजे डोक्याला तापच होता. पुस्तकाचं पान धडाधडा म्हणून दाखवणारी मुलं पेशंटला "जीभ दाखवा" म्हणताना लाजायची. काहींना आईवडिलांनी ढकलून पाठवलेलं, ती वॉर्डात बसस्टॉपवर उभं राहावं तशी उभी राहत. काही घरूनच हेडफोन लावून हृदयाचे आवाज ऐकून येत आणि तक्रार करत, "मॅडम, यात तेवढं क्लिअर येत नाही."

"मग पेशंटला सांग, आवाज जरा वाढवा म्हणून."

मॅडमची जीभ अशी होती. ज्याला त्याला टोपणनाव. रोज उशिरा येणारा 'पाहुणा', विचारलं त्याला हो म्हणणारा 'नंदीबैल'. नाव पडलं की पोरं टिकतात, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना नावं पडली त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती, बारीक, चष्मेवाली, बोलताना शेवटचे शब्द गिळणारी. तिला काहीच ऐकू यायचं नाही. म्हणजे कान ठणठणीत होते, पण छातीवर नळी लावली की तिला स्वतःचंच हृदय ऐकू यायचं. सगळ्यांसमोर एकदा मॅडम म्हणाल्या, "अगदीच शंख आहेस गं तू." झालं. त्या दिवसापासून ती शंख. वर्गमित्रही तसंच म्हणू लागले, आणि तीही त्या हाकेला ओ देऊ लागली.

परीक्षा तोंडावर आली होती तेव्हा इस्त्रीवाली भरती झाली.

लाँड्रीत इस्त्री करणारी, चाळिशीच्या आतली, काटक बाई. दारापासून पलंगापर्यंत भिंत धरत आली. दोन उशा घेतल्याशिवाय रात्री आडवं होता येत नव्हतं, जिना चढताना मध्ये बसावं लागत होतं. लहानपणी कधीतरी घसा सुजून ताप आलेला, सांधे धरलेले. तो ताप गेला पण जाताना हृदयाच्या एका झडपेला धक्का लावून गेला. वर्षानुवर्षं ती झडप आखडत गेली, आणि आता जिथे दार सताड उघडायला हवं तिथे फट राहिली होती. रक्त त्या फटीतून घुसताना आवाज करत होतं. यावर उपाय होता. मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा, आणि फट रुंद करायची. करायला अर्धा-पाऊण तास. न केलं तर एखाद्या दिवशी छातीत पाणी भरून बाई गुदमरणार.

मॅडमनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, नळी लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.

"वा!" त्या सरळ होत म्हणाल्या. "छान! काय सुंदर आवाज आहे! या रे सगळे, असा पुन्हा मिळायचा नाही."

मुलं गोळा झाली. मॅडमनी तोंडाने आवाज काढून दाखवला, "घुर्रर्र-ठप्प, ट-टक्. घुर्रर्र-ठप्प, ट-टक्. लांब लाकडी पुलावरून भरलेली गाडी जातेय असं वाटलं पाहिजे." एरवी त्या आधी सांगत नसत, पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

इस्त्रीवाली उशीवरून मान वळवून बघत होती. "चांगलं आहे ना हो, बाई?"

"फार छान ऐकू येतंय," मॅडम म्हणाल्या. विचारलं तिने होतं, उत्तर मात्र मुलांकडे बघून दिलं गेलं.

दुपारी हृदयविभागातल्या डॉक्टरचा फोन आला. तो मॅडमचाच जुना विद्यार्थी, आणि फुग्याचं काम करतो म्हणून मॅडमच्या तोंडी 'फुगेवाला'.

"मॅडम, तुमच्या बाईचा इको बघितला. मंगळवारी मोकळा आहे मी. करून टाकू?"

मॅडमच्या डोळ्यांसमोर परीक्षेचं वेळापत्रक आलं. पुढचा सोमवार. बाहेरगावचे परीक्षक येणार होते, आणि परीक्षेत मुलांना तपासायला द्यायला धड पेशंट नव्हते. आणि फुगा फुगला की तो आवाज गेला. पूलही नाही, गाडीही नाही.

"अरे, पुढच्या आठवड्यात कर ना. परीक्षा होऊ दे."

"सात-आठ दिवस… बरं. गोळ्यांवर आहे ना ती? तुमची केस आहे, मॅडम. तुम्ही म्हणाल तसं."

त्यात जगावेगळं काही नव्हतं. चांगला पेशंट परीक्षेपर्यंत धरून ठेवायचा हे सगळेच करत. औषधांनी बाईचा श्वास सुधारला होता, ती वॉर्डातच नजरेसमोर राहणार होती. संध्याकाळच्या फेरीत मॅडमनी तिला सांगितलं, "ते फुग्याचं बघू पुढच्या आठवड्यात. घाई नाही."

"घाई नाही ना?" तिने खात्री करून घेतली. तिचा चेहरा खुलला.

"अजिबात नाही."

घरी मॅडमचे यजमान स्वयंपाक करत. विमा कंपनीतून लवकर निवृत्त झाल्यापासून ओट्याचा ताबा त्यांच्याकडे होता, आणि मिठाचा डबा कुठे आहे हे मॅडमना आता विचारावं लागे. ताटावर बसलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "बोला मॅडम, आज कुणाचं हृदय गाजलं?" त्या दिवशी मॅडमनी जेवता जेवता तो आवाज दोनदा काढून दाखवला. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, पण हा आवाज त्यांना आवडला. "म्हणजे गातेच की ती बाई आतून," त्या म्हणाल्या. पुढचे सगळे दिवस त्या विचारत राहिल्या, "तुझी गाणारी बाई काय म्हणते?"

गाणाऱ्या बाईचं वॉर्डात बस्तान बसलं होतं. सकाळ-संध्याकाळ कोटवाल्या मुलांची रांग तिच्या पलंगाशी. एकजण ऐकून तोंड उजळून मागे सरकायचा, दुसरा पुढे यायचा. मस्त, छान, सॉलिड, काय क्लिअर आहे रे, असं चालायचं. ती आपणहून कुशीवर वळायची, श्वास रोखायची, आणि शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीला म्हणायची, "यांना माझ्याशिवाय करमत नाही." म्हातारी फणकारायची, "आमच्याकडे कोण कुत्रं बघत नाही."

शंख शेवटची यायची, सगळे गेल्यावर. ऐकू यायचं नाही. पुन्हा लावायची, पुन्हा नाही. इस्त्रीवालीला तिची दया आली.

"घाबरतेस कशाला? मी काय चावते का? बस इथे. माझ्याबरोबर श्वास घे. हं. सोड."

चौथ्या का पाचव्या दिवशी मॅडम दारातून बघत होत्या. मुलगी वाकलेली, बाईचा हात तिच्या पाठीवर. आणि एकाएकी त्या बारीक चेहऱ्यावर ते उमटलं. मुलीने मान वर केली तेव्हा तिचा चष्मा धुरकट झाला होता.

"आलं?" मॅडमनी दारातूनच विचारलं.

"गाडी," ती म्हणाली. "पुलावरून."

"छान!" मॅडम म्हणाल्या, आणि पलंगावरची बाईसुद्धा हसली, जणू दोघींनी मिळून काहीतरी जिंकलं होतं.

रविवारी सकाळी मॅडम परीक्षेची मांडणी बघायला वॉर्डात आल्या तर तो पलंग रिकामा होता. चादर घडी करून ठेवलेली, कडेला कड जुळवून. इस्त्रीवाल्या हाताची घडी.

"काल संध्याकाळी गेली, मॅडम," निवासी डॉक्टर चाचरत म्हणाला. "मी सांगितलं, जाऊ नका. ती म्हणाली, मोठ्या बाईंनीच सांगितलंय घाई नाही. नवरा आला होता. सही करून घेऊन गेला."

मॅडम पलंगाकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून निघालं, "मग आता उद्या परीक्षेला काय ठेवायचं?"

शब्द बाहेर पडले आणि मग त्यांना ते ऐकू आले. बाजूला शंख उभी होती, रविवारी कुणाला न सांगता आलेली. तिने मॅडमकडे बघितलं आणि नजर खाली घातली. विद्यार्थ्यांनी त्यांच्यासमोर नजर खाली घालणं नवं नव्हतं. पण ही नजर मॅडमसाठी खाली गेली होती, उघड्यावर कुणाचं वस्त्र सुटलं तर आपण बघत नाही तशी.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "त्यांना वाटलं त्या बऱ्या आहेत."

"कशावरून?"

"त्या म्हणाल्या, एवढ्या डॉक्टरांनी ऐकलं, सगळे छानच म्हणाले. एकानेही वाईट म्हटलं नाही. आणि ऑपरेशनची घाई नाही म्हणजे लागतच नसणार, फक्त बाईंना तसं सरळ म्हणवत नसेल."

"आणि तू काय बोललीस?"

मुलीने शब्द गिळले. मग हळू म्हणाली, "मला वाटलं, मी कोण सांगणार. छान तर तुम्हीच म्हणता."

निवासी डॉक्टर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघत होता. मॅडम म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे. मग बघते." आणि दुसऱ्या वॉर्डात पेशंट शोधायला गेल्या.

रात्री सासूबाईंनी ताटावर विचारलं, "गाणारी बाई काय म्हणते गं?"

"बरी आहे," मॅडम म्हणाल्या.

"आँ?"

"बरी आहे, आई!" त्यांना ओरडून सांगावं लागलं. बहिऱ्या माणसाशी खोटं बोलायचं तर तेही मोठ्याने बोलावं लागतं. यजमानांनी वाटीत आमटी वाढता वाढता त्यांच्याकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. एरवी चेष्टा सोडायचा नाही तो माणूस, आणि आज गप्प. मॅडमना ते टोचलं.

परीक्षा पार पडली. बाहेरचे परीक्षक खूश. शंखला दुसराच पेशंट आला, आणि तिने चुकत-माकत का होईना ओळखलं. निघताना परीक्षक म्हणाले, "मॅडम, तुमच्या पोरांचे कान छान तयार आहेत." मॅडमना हसून धन्यवाद म्हणावे लागले.

भरतीच्या कागदावर फोन नंबर होता तो लाँड्रीचा. मालकाने उचलला. "हो, आली ना कामाला. ठणठणीत आहे. डॉक्टरांनी पास केलंय म्हणे. का हो, काही राहिलं का तिकडे?"

"नाही… पत्ता सांगता का?"

कुणाला तरी पाठवता आलं असतं. दवाखान्यात त्या कामाची माणसं होती. पण पाठवलेल्या माणसाला काय सांगायचं? बाईला सांग, तुझा आजार आमच्या परीक्षेला हवा होता? मॅडम स्वतः निघाल्या, आणि निघताना शंखला म्हणाल्या, "चल. तुझी आणि तिची ओळख आहे." म्हणण्यापुरतं हे ठीक होतं. खरं म्हणजे त्यांना पुढे करायला कुणीतरी हवं होतं, आणि ते टॅक्सीत बसता बसताच त्यांना कळलं.

लाँड्रीत वाफ होती, आणि हँगरच्या दांड्यांवर कपड्यांची दाटी. टेबलांच्या रांगेत शेवटच्या टेबलाशी ती उभी. ओठ जांभळट. शर्टाची बाही, थांबणं. कॉलर, थांबणं. दोघी दिसताच तिचा चेहरा फुलला.

"अगं शंख! तू इथे कशी?"

आजूबाजूच्या बायका वळल्या. मॅडमच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. ते मुलीचं लाडाचं नाव असेल, असंच इतके दिवस बाईला वाटत होतं. मुलगी म्हणाली, "सहज आलो, मावशी," आणि नाव दुरुस्त केलं नाही.

"बायांनो, याच त्या मोठ्या बाई. सांगत नव्हते का? मुलं शिकवतात माझ्यावर." एवढं बोलायला तिला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला.

"हिचं हृदय फार नामी आहे म्हणे?" पलीकडची एकजण हसत म्हणाली. "आमच्या डोक्यावर बसलीये आल्यापासून."

"जरा बाहेर बोलूया का?" मॅडम म्हणाल्या.

"बोला की इथेच. परकं कोण आहे?"

मॅडमनी सुरुवात केली. काही तपासण्या राहिल्या आहेत. फॉलोअप महत्त्वाचा असतो. योग्य वेळी निर्णय घेतला तर. त्यांचा आवाज त्यांनाच वर्गात शिकवल्यासारखा वाटत होता, फक्त आज धडा पाठ नव्हता.

"येईन ना सवडीने," इस्त्रीवाली म्हणाली. "आता सीझन आहे. तुम्हीच म्हणालात घाई नाही."

"गोळ्या घेता ना?"

"त्या सारखं बाथरूमला पळवणाऱ्या? त्या सोडल्या. इथे टेबल सोडून किती वेळा जायचं? बरं आहे म्हटल्यावर गोळ्या कशाला?"

शंखने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी टेबलाची कड धरली.

"घाई होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"घाई होती. तेव्हाच करायला हवं होतं. मी पुढे ढकललं. परीक्षा होती. तुमच्या छातीतला आवाज मुलांना ऐकवायचा होता, आणि ऑपरेशन झालं की तो आवाज जातो. म्हणून."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. वाफेचा फुस्स आवाज झाला.

"पण छान म्हणालात की."

"आजार छान ऐकू येत होता. हृदय छान नाही. हृदयाचं दार आखडलंय. तुम्हाला धाप लागते ती त्यानेच."

पलीकडच्या बाईचं हसू विरलं. आता सगळ्याच टेबलांवरचे हात थांबले होते.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?" इस्त्रीवालीने हळू विचारलं. "रोज यायचे ते सगळे? तो उंच मुलगा, मला बिस्किटं आणायचा तो?" मग तिने शंखकडे बघितलं. "तुला पण?"

मुलगी म्हणाली, "हो मावशी." या वेळी तिने शेवटचा शब्दही गिळला नाही.

इस्त्रीवाली खुर्चीवर बसली. रागावेल, रडेल, अशा सगळ्याची मॅडमनी टॅक्सीत तयारी केली होती. तिने तसं काहीच केलं नाही. गळ्याजवळ उघडं राहिलेलं बटण तिने लावलं, आणि मग हात तिथेच ठेवला. त्या हाताकडे बघून मॅडमना कळलं की आपण तिचं काय काय उघडं टाकलं होतं.

"मी घरी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली. "सासू म्हणाली, डॉक्टर छान म्हणतात ना, मग जिन्यात बसायची नाटकं बंद कर. आता कपड्यांचं गाठोडं मीच वर नेते. मलाही वाटलं, असेल. सवय लागली असेल मला बसायची." तिने वर बघितलं. "हे घरी येऊन तुम्ही सांगा. माझ्या तोंडून त्यांना खरं वाटायचं नाही. काल छान, आज वाईट, म्हणतील कामाचा कंटाळा आला हिला."

"येते," मॅडम म्हणाल्या. त्यांना अजून एकदा, अजून एका खोलीत, तेच सांगायचं होतं.

घर चौथ्या मजल्यावर. प्रत्येक वळणावर ती बसली, आणि त्या दोघी तिच्या बाजूला भिंतीशी उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावर मॅडमनी तिचा खांदा धरायला हात पुढे केला. तिने कठड्याला धरलं.

स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच. नवरा नुकताच कामावरून आलेला, हातावर भिंतीच्या रंगाचे ठिपके. सासू भाजी निवडत होती. मोठ्या बाई घरी आल्या म्हणून त्यांनी घरातली एकुलती हात असलेली खुर्ची मॅडमना दिली, आणि आजारी बाई जमिनीवर बसली. मॅडम खुर्चीवरून उठल्या. उभ्यानेच त्यांनी सांगितलं. या वेळी सगळं साध्या शब्दांत, पहिल्यापासून, परीक्षेसकट. ही फार आजारी आहे. नाटक नाही. गाठोडं उचलायचं नाही. उद्याच यायचं. चूक माझी.

मग सासू म्हणाली, "म्हणजे आम्हीच वाईट ठरलो."

"नाही, मी—"

"तुम्ही मोठी माणसं. चूक म्हणून मोकळ्या झालात. आम्ही हिला रोज बोललो, ते कुठे ठेवायचं?"

नवरा हातावरचा रंग नखाने खरवडत होता. तो म्हणाला, "उद्या कशाला? आत्ताच नेतो," आणि उठून खुंटीवरची पिशवी काढू लागला. त्याला काय भरायचं ते सुचेना, तेव्हा सासूच उठली आणि न बोलता सुनेचे कपडे घडी करून पिशवीत घालू लागली.

टॅक्सीत इस्त्रीवाली पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मागे नवरा, शंख आणि मॅडम. वाटेत फक्त ड्रायव्हरने एकदा विचारलं, खिडकी लावू का, आणि ती म्हणाली, राहू द्या.

फुगेवाल्याने दुसरा एक रुग्ण पुढे ढकलून तिला बुधवारी घेतलं. "मॅडम, तुम्ही फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "तुम्ही स्वतः आणायला गेलात?" त्याच्या स्वरात कौतुक होतं. त्या कौतुकाने मॅडमना जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

"तूही हो म्हणालास," त्या म्हणाल्या.

"तुम्ही शिकवलंत, मॅडम," तो म्हणाला. त्याला त्यात टोमणा मारायचा नव्हता, हे त्यांना दिसत होतं.

ते नीट झालं. फट रुंद झाली. दुसऱ्या सकाळी मॅडम मुद्दाम एकट्या, मुलांशिवाय, हृदयविभागात गेल्या. इस्त्रीवाली एकाच उशीवर पाठ टेकून पडली होती, ओठांना रंग आला होता. फुगेवाला नुकताच तिला तपासून उभा होता.

"या मॅडम, ऐका. तुमची गाडी गेली बघा पुलावरून," तो उत्साहाने म्हणाला आणि बाजूला झाला.

मॅडमचा हात स्टेथोस्कोपकडे गेला.

"या बाईंना नको," इस्त्रीवाली म्हणाली. आवाज मोठा नव्हता. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "तुम्ही ऐकलंत ना डॉक्टर, तेवढं पुरे."

फुगेवाला गडबडला. "अहो, मॅडमनीच तर तुम्हाला—"

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी नको म्हटलंय."

नळी हातात गुंडाळत त्या पलंगापासून मागे सरकल्या. विचारायचं पुष्कळ होतं. श्वास कसा आहे, झोप लागली का, सासू आली होती का. पण कुठलाच प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क राहिला आहे असं त्यांना वाटेना. बाहेर आल्यावर त्या कॉरिडॉरमध्ये थांबल्या. थोड्या वेळाने फुगेवाला आला आणि त्याने कसं आहे ते सांगितलं. पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर उभं करून सांगतात तसं, दोन वाक्यांत. मॅडमनी ते ऐकून घेतलं.